आधी पोरीला विचार

सातवीला ‘मुलांचे हक्क’ शिकवताना मी फळ्यावर एकच वाक्य लिहिते: मुलाबद्दलचा निर्णय मुलाला विचारून घ्या. पनवेलच्या या शाळेत इतकी वर्षं लिहितेय. यंदा पहिल्या बाकावर माझीच नात होती, अविटल. तास संपल्यावर जवळ आली नि हळूच म्हणाली, “टीचर, इस्रायलला जायचं ठरलं तेव्हा मला कुणी विचारलं?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या मुलाने, राफेलने, बायको-पोरीला घेऊन कायमचं जायचं परस्पर ठरवून टाकलं होतं. पण खरं सांगते, रागाइतकाच आनंदही झाला. पोरगी नाही म्हणेल, मग सगळेच राहतील, असं मी धरूनच चालले. ते गेले की घरात मी एकटीच उरणार होते. आणि इथे आमचे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, उरलेत तरी किती? सामूहिक प्रार्थनेला लागतात ते दहा पुरुष जमवायचे तर अलिबागला फोन करावे लागतात.

रविवारी, प्रवास सुखाचा व्हावा म्हणून घरी मलिदा होता. गूळ-खोबरं घातलेले पोहे, वर फळं, असं ताट मांडायचं, प्रेषित एलियाहू हनाबीचं नाव घ्यायचं आणि मग तो वाटायचा. राफेल प्रार्थना सुरू करणार, तोच मी ताटावर हात धरला.

“आधी पोरीला विचार. मग मलिदा.”

“आई, आता? तिकिटं काढलीत.”

“मग काय झालं? विचार.”

मलिदा असा कुणी मध्येच अडवत नाही. सून माझ्याकडे बघतच राहिली. शेवटी राफेलने विचारलं.

अविटल जराही अडखळली नाही. “मला जायचंय बाबा. फक्त आधी विचारायला हवं होतं तुम्ही.”

मी ताटावरचा हात काढून घेतला. पण तिचं संपलं नव्हतं.

“आता आजीला विचारा. ती येते का ते.”

राफेलने बायकोकडे पाहिलं, मग खाली ताटाकडे. “तिकडे घर दोनच खोल्यांचं आहे,” सून पुटपुटली. अविटल राफेलच्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत होती.

पोरीसमोर बापाची मान खाली जायला नको, एवढंच मला सुचलं.

“मला काय धाड भरलीय इथं?” मी म्हणाले. “शाळा सोडून कुठे येऊ मी? म्हण रे प्रार्थना.”

पुढच्या महिन्यात मी रिटायर होणार, हे राफेलला ठाऊक होतं. त्याने लगेच प्रार्थना म्हणायला घेतली.