दिव्याच्या बाईचा आवाज

"दुसऱ्या भागात दिव्याच्या बाईचा आवाज तोच असणार आहे का?"

एका कॉम्प्युटरवरच्या खेळाच्या तीनशे चाहत्यांनी भरलेल्या सभागृहात माइक हातात घेऊन मी हे विचारलं. पैजच लागली होती. चिमणी आणि ढापणी या माझ्या मैत्रिणींचं म्हणणं, माझी हातभर जीभ फक्त त्यांच्यापुढेच चालते. विचारून दाखवलं तर आठवडाभर माझं दप्तर त्या वाहतील. दोन वर्षांपूर्वी मी वर्गात साधी हजेरी देतानाही अडखळायचे. आता नाही. श्वास पोटातून घ्यायचा आणि शेवटचा शब्द गिळायचा नाही, हे मला मावशीनं शिकवलंय.

आणि दिव्याची बाई म्हणजे माझी मावशीच.

'सातवं बेट' हा खेळ माझ्या जन्माच्या आधीचा. त्यात समुद्रात कितीदाही बुडा, दीपगृहाशी परत आलात की दिवा सांभाळणारी बाई म्हणते, "आलात? दिवा चालूच ठेवलाय." बस, एवढंच. पण ते ऐकत मोठी झालेली माणसं आता पोराबाळांची झालीत, आणि अठरा वर्षं दुसऱ्या भागाची डोळ्यांत प्राण आणून वाट बघताहेत. मावशी तेव्हा आवाजाची कामं करायची. मग कामं आटली. आता ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. "आता खालची ओळ वाचा," असं ती म्हणाली की एखादं गिऱ्हाईक ओळ सोडून तिच्याकडेच बघत बसतं.

दुसरा भाग येणार हे कळलं आणि मावशीनं गार पाणी सोडलं. रोज सकाळी मिठाच्या गुळण्या, मग अर्धा तास मोठ्यानं वाचन. आई चिडवायची, ताई, लग्न ठरलं तेव्हासुद्धा एवढी नटली नव्हतीस. मावशी नुसती हसायची. बोलावणं येणार, याबद्दल तिला शंकाच नव्हती. मला तर मुळीच नव्हती.

सुट्टीत खेळाच्या कंपनीनं चाहत्यांकडून चित्रं, पत्रं, आठवणी असं काहीबाही मागवलं होतं. माझ्या डोक्यात वीज चमकली. मावशीचा आवाज अजून तितकाच खणखणीत आहे हे त्यांच्या कानावर पडलं की झालंच काम! मी तिला कपड्यांच्या कपाटात बसवलं, कारण कपड्यांमध्ये आवाज घुमत नाही. स्टुलावर ती, चेहऱ्यावर लोंबणाऱ्या स्वेटरच्या बाह्या, आणि बाहेर जमिनीवर फोन धरून मी. तेरा दुपारी, चारशे वाक्यं. आनंदातली, रागातली, रडवेली, कुजबुजती. एवढी कशाला गं, असं तिनं एकदा विचारलंही. मी म्हटलं, असू दे, त्यांना निवडायला बरी. फॉर्म मीच भरला. खाली बारीक अक्षरांत बरंच काही होतं. न वाचता मी 'मान्य' वर खूण केली.

"तोच आवाज असणार," मंचावर बसलेले कंपनीचे मोठे साहेब म्हणाले. सभागृह उसळलं. मीसुद्धा उडीच मारली.

मग ते हसत पुढे सांगू लागले. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये फार खरखर होती, पण एका चाहत्यानं स्वच्छ चारशे वाक्यं पाठवली आणि कॉम्प्युटर त्यावरून तो आवाज शिकला. "आता ती बाई काहीही बोलू शकते. कुणाला बोलवायचीसुद्धा गरज उरली नाही."

आणि त्यांनी ऐकवलं. "किती वर्षं लावलीत. दिवा चालूच ठेवलाय."

माझ्या पुढच्या रांगेतला टक्कल पडलेला माणूस ढसाढसा रडला. आवाज हुबेहूब मावशीचा होता. फक्त हे वाक्य ती कधी बोललीच नव्हती, आणि त्याआधी तिचा तो पोटातला श्वास नव्हता.

जिंकलीस की गं, असं चिमणी म्हणत होती. मग तिनं माझं तोंड बघितलं आणि गुपचूप दप्तर उचललं.

घरी आल्यावर मी सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, ते फॉर्मचं आपण एखाद्या वकिलाला विचारू. आई बराच वेळ ओट्याचा एकच कोपरा पुसत राहिली. मावशीचा दोनदा फोन येऊन गेला होता, काय म्हणाले म्हणून. आईनं सांगितलं होतं, पोरगी अजून आली नाही.

"तिला इतक्यात कळू देऊ नकोस," आई म्हणाली. "खेळ यायला सहा महिने आहेत. तेवढे तरी तिला आशेवर जगू दे."

सहा महिने गुळण्या. सहा महिने गार पाणी नाही.

मी काढलेल्या चपला परत पायात घातल्या. श्वास पोटातून घेतला.

"मी आत्ता मावशीकडे चाललेय," मी म्हणाले. "तिला सगळं सांगणार आहे. खूण मी केली, हेही."