अण्णांची कवळी

प्लंबरने वडिलांच्या तोंडात अंगठा घालून कवळी खाली ओढली. ती सुटली ती लाळेची लांब तार घेऊनच. मागोमाग सकाळच्या दूध-पावाचा आंबूस लगदा गालातून घरंगळून त्याच्या मनगटावर पडला. त्याला ढवळून आलं.

लोकांच्या मोरीत कोपरापर्यंत हात घालून केसांचे बुळबुळीत गोळे उपसणारा आणि हात धुऊन तिथेच डबा उघडणारा हा माणूस. पण अर्धांगवायूने अण्णांचं तोंड वाकडं झालं, उजव्या गालात घास साठून कुजायला लागला आणि या गड्याची पाचावर धारण बसली. दोन महिने तो श्वास रोखून, डोळे मिटून कसंबसं उरकत होता. वर तोंडदेखलं म्हणायचं, "छे, त्यात काय अण्णा!" अण्णा भिंतीकडे मान फिरवायचे. गेल्या आठवड्यात तर तो अर्ध्यातच उठून पळाला. हिरड्या सुजल्या. ताईने फोनवर निक्षून सांगितलं, "रविवारपर्यंत जमलं नाही, तर मी त्यांना वृद्धाश्रमात ठेवते. तुझी नाटकं पुरे झाली."

त्याला स्वतःचीच शिसारी आली होती. झोप उडाली, म्हणून तो समुपदेशक बाईंकडे जाऊ लागला. त्यांनी मनातले विचार कागदावर लिहायला लावले.

"'किळस येते म्हणजे माया नाही', असं लिहिलंय तुम्ही. शंभरात किती खरं वाटतं?"

"नव्वद."

"मोरीची किळस यायची कधी?"

"पहिली दोन वर्षं. जेवण जायचं नाही."

"मग काम सोडलंत?"

"सोडून कसं चालेल? लोकांच्या घरात पाणी तुंबलेलं असतं," तो फटकन म्हणाला आणि आपल्याच कागदाकडे बघू लागला.

बाईंनी गृहपाठ दिला. श्वास रोखायचा नाही, डोळे मिटायचे नाहीत, खोटं बोलायचं नाही. काय होईल असं वाटतं ते आधी लिहायचं आणि मग करून बघायचं. त्याने लिहिलं: ओकारी येईल. अण्णांना कळेल. अण्णा खचतील.

आज शनिवार होता. त्याने बोटाला ओलं फडकं गुंडाळलं, डोळे उघडे ठेवले आणि नाकाने श्वास घेतला. नासक्या दुधाचा, सुजलेल्या हिरड्यांचा घाण वास थेट टाळूला भिडला. बोट गालात फिरलं तसा पिवळट चिकटा फडक्यावर आला. त्याला जोरात उमासा आला, पण उलटी झाली नाही. किळस होती तेवढीच होती, बोट मात्र फिरत राहिलं.

अण्णा त्याच्याकडे टक लावून बघत होते.

"किळस येते ना?" त्यांनी बोबड्या जिभेने विचारलं.

"छे" अगदी ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं.

"येते, अण्णा. फार येते."

अण्णांचे डोळे भरले. आता हे खचणार, असं वाटून त्याने हात मागे घेतला.

"मलाही येते," अण्णा म्हणाले. "दोन महिने. कुणाला सांगू? तू आपला छे छे करत बसायचास."

मग त्यांनी डाव्या हाताने त्याचं मनगट धरून बोट पुन्हा आपल्या तोंडाशी नेलं आणि वाकडी बाजू पुढे केली.

"खोलात राहिलंय अजून. आणि उद्या पाणी जरा कोमट घे."