ग्रंथपाल महाशय

नागावच्या वाचनालयात सकाळी आठाला पुरुषमंडळी वर्तमानपत्र वाचायला जमली, की केसर आतल्या दाराला कडी घालून चुलीपाशी बसे. विधवेचं तोंड सकाळी दिसलं तर दिवस वाया जातो म्हणे! वाचनालय तिच्याच घराच्या पडवीत. तिच्या नवऱ्यानं, अनंता मास्तरांनी काढलेलं. मास्तर तापानं गेले त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून दुपारी गाव जेवून कलंडलं की ती पडवीत येई, पुस्तकांना नंबर घाली, वाळवी झटकी, मागणीच्या चिठ्ठ्या वाची. मायना असे, 'ग्रंथपाल महाशय यांस'. गावाला वाटे, हे सगळं धाकटा दीर सदू करतो. कुणाला काय वाचायला आवडतं ते केसरला पाठ; तिच्याशी मात्र कुणी शब्द बोलत नसे.

एकदा शिळ्या पेपरात तिनं वाचलं, मुंबईत ग्रंथपालांचा वर्ग निघतोय, बायकांनाही घेणार. हवं होतं फक्त वाचनालयाच्या शिक्क्याचं पत्र, की उमेदवारानं काम केलंय. तिनं सासूकरवी चिटणिसाकडे मागणी केली. चिटणीस हरेश्वर पत्र घेऊन आला, त्यात नाव सदूचं!

सासू ठमाबाई भडकल्या. "हरेश्वरा, सदूला काय येतं रं? पुस्तक उलटं धरलं तरी त्याला कळायचं न्हाय!"

"काकी, विधवेचा हात लागलाय हे कळलं तर लोक पुस्तकं घरात ठेवतील काय?"

"तीन वर्षं ठेवलीत नव्हं? कोण मेलं?"

सदू मान खाजवत म्हणाला, "आये, मला न्हाय जायचं मुंबईला."

दुसऱ्या दिवशी आठाला केसर पडवीतल्या टेबलाशी जाऊन बसली. कुणी खाकरलं, कुणी वहाणा शोधल्या. घटकाभरात पडवी रिकामी.

हरेश्वर धावत आला. "वहिनी, आत जा. पत्र तुमच्या नावानं लिहून आणलंय. मुकाट मुंबई गाठा."

केसरचा हात पुढे झाला होता. तो तसाच थांबला.

"आणि भावजी, शिकून आल्यावर बसू कुठं? आतच?"

हरेश्वरनं कागद खिशात घातला आणि पायऱ्या उतरला.

वर्ग सुरू झाला, त्यात केसर नव्हती. वर्तमानपत्र आता हरेश्वरच्या ओटीवर येतं. केसर रोज आठाला दार उघडते. समोर एकट्या ठमाबाई, अक्षरशत्रू, पण हलत नाहीत.

परवा रस्त्यानं वाचनालयाचा जुना वाचक नामा मान खाली घालून चालला होता.

"काय रं, चोरासारखा? पुस्तक दे की परत!" ठमाबाई कडाडल्या.

नामानं पुस्तक उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि वर न बघता गेला. केसरनं ते उचललं, पदरानं पुसलं, वहीत 'परत आले' असं लिहिलं आणि जागेवर लावलं.

पुस्तकं येतील हो सगळी. वाचणारी माणसं कधी येणार, ते तुम्ही सांगा.