पूजेतून उचललेला रिमोट

मित्रांनो, मी एक जुना गेमचा रिमोट आहे. दुकानातली शिकलेली माणसे मला कंट्रोलर म्हणतात, पण कोल्हापुरातल्या आमच्या पाचगावच्या घरात मला सगळे रिमोटच म्हणतात, आणि मलाही तेच नाव आवडते. माझ्या डाव्या अंगठ्याच्या जागेवरचे रबर झिजले आहे. माझ्या पोटातली बॅटरी काढून टाकली आहे. आता वायर जोडली तरच माझ्यात जीव येतो. हे असे का झाले, ते तुम्हाला सांगायचे मनात आहे. गोष्ट माझी आहे, पण तिच्यात चूक एका माणसाची आहे, आणि त्या माणसावर माझा फार जीव आहे.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारखेच हजारो भाऊ एका पट्ट्यावरून सरकत होते. कुणाचे बटण दाबून बघ, कुणाची कांडी फिरवून बघ, असे चालले होते. जन्माच्या दिवशीच परीक्षा! मी पास झालो, खोक्यात बंद झालो आणि डोळे उघडले ते थेट राजारामपुरीतल्या एका दुकानाच्या काचेच्या कपाटात.

तिथे मला घ्यायला तिघे जण आले. विश्वजित, त्याची बायको मनाली आणि त्याची आई अंबूबाई. विश्वजित शिरोलीच्या एका फाउंड्रीत सुपरवायझर. दिवसभर तापलेल्या लोखंडाशी झुंजायचे आणि संध्याकाळी घरी आल्यावर थोडा वेळ गेम खेळायचा, एवढाच त्याचा शौक. मनाली गडहिंग्लजची. ती घरी बसून कॉम्प्युटरवर काम करायची आणि चांगल्या नोकरीच्या शोधात होती. म्हणून त्या दिवशी खरी खरेदी होती मोडेमची, म्हणजे केबलच्या तारेतून घरात इंटरनेट आणणाऱ्या डब्याची. मी आपला लग्नात करवली यावी तसा बरोबर आलो.

मनालीने मोडेम निवडताना दुकानदार प्रसेनजीतला घाम फोडला. भिंती किती जाड चालतील, स्वयंपाकघरापर्यंत वायफाय पोचेल का, केबलवाल्याची तार याला बसेल का, एकेक विचारून घेतले. विश्वजितने मात्र मला नुसते हातात घेतले आणि बटणे दाबत बसला.

"आवडला म्हनून घिऊ नगंस," अंबूबाई म्हणाली. "हाताला बसतंय का बघ. चप्पल घेताना बघतोस न्हवं, तसं."

मी हाताला बसलो. विश्वजितचे तळवे जाड आणि खरबरीत, पण माझ्याशी ते फार हळुवार वागले. माझ्यासाठी चार्जिंगचा स्टँडही घेतला. मी त्यावर ऐटीत बसायचो आणि माझे पोट आपोआप भरायचे.

बिल करताना प्रसेनजीतने एक गोष्ट बजावून सांगितली. "दादा, स्टँडच्या आणि मोडेमच्या अडॅप्टरची पिन दिसायला सारखीच हाय. ह्याची त्याला बसती. पर मोडेमला लागतंय बारा व्होल्ट आन् ह्याला पाच. रंगीत टेप लावून ठेवा की."

विश्वजित हसला. "आवो, फाउंड्रीतली भट्टी सांभाळतोय मी. दोन पिना कळंनात व्हय मला?"

टेप काही लागली नाही.

पहिले वर्ष फार सुखाचे गेले. संध्याकाळी विश्वजित आणि मी मिळून शर्यती जिंकायचो. मोडेम आपले दिवे लुकलुकत मनालीची कामे करायचा. अंबूबाई दुपारी त्याच्याच जोरावर मुरगूडच्या बहिणीला, आक्काताईला, व्हिडिओ कॉल लावायची आणि दोघी एकमेकींना आपापल्या घरच्या आमट्या दाखवायच्या. अंबूबाई आणि मनाली या सासू-सुनांचेही छान जमायचे. मनाली कॉलवर असली की अंबूबाई कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही. गॅस बंद करून, हाताची घडी घालून उभी राहायची. आणि काम संपले की मनाली सासूच्या मोबाईलचे काय अडले असेल ते सोडवून द्यायची.

मग खंडेनवमी आली. ज्याच्यावर आपले पोट चालते त्या अवजारांची या दिवशी आपल्याकडे पूजा होते, हे तुम्हाला माहीत आहेच. एकदा पूजेला मांडलेले अवजार दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत कुणी उचलत नाही. त्यालाही एक दिवस विसावा. अंबूबाईने पाटावर माहेरचा कोयता मांडला, शिलाई मशीनची कात्री मांडली, विश्वजितचा पाना मांडला, मनालीचा लॅपटॉप मांडला. मग टीव्हीखालच्या सगळ्या वायरी काढून मोडेमही आणून ठेवला. "ह्यो बी राबतोय की बिचारा रातध्याड," असे म्हणून तिने त्याच्या कपाळावर हळदी-कुंकू लावले आणि फुलाने पाणी शिंपडले. शेवटी तिने मलाही उचलून पाटावर ठेवले. खेळण्याला कोण पुजते? पण तिने पुजले. खरे सांगतो, मला रडू आले असते, पण रिमोटला तशी सोय नसते.

दुपारी पुरणपोळी खाऊन घर झोपले. विश्वजितला मात्र चैन पडेना. वर्षातून मोजक्या सुट्ट्या, आणि त्यात गेम समोर असून खेळायचा नाही! तो चोरपावलांनी आला आणि त्याने मला पूजेतून उचलले. माझी बॅटरी उतरली होती. टीव्हीखाली दोन काळे अडॅप्टर वायरींच्या गुंत्यात पडले होते. त्याने हाताला लागला तो घेतला आणि माझ्या स्टँडला जोडला.

तो मोडेमचा होता. माझ्या पोटात चटका बसला. मी तापलो, पण विश्वजितला वाटले उन्हाने असेल. थोडे पोट भरल्यावर तासभर खेळून त्याने मला पुसले आणि होतो तसा पाटावर ठेवून दिला. माझ्या कपाळावरचे कुंकू त्याच्या अंगठ्याने थोडे फिसकटले होते. कुणाच्या ते ध्यानात आले नाही.

दसऱ्याच्या दिवशी दुपारी मनालीची मुलाखत होती. शेवटची फेरी. पलीकडची माणसे परदेशात बसलेली, त्यांना कुठला आला दसरा? सकाळी अंबूबाईने पूजा उतरवली. विश्वजितने मोडेम जागेवर ठेवला आणि उरलेला अडॅप्टर त्याला जोडला. बटण दाबले. दिवा लागला नाही. पुन्हा दाबले. नाही. मनाली धावत आली. मोडेमच्या जाळीत हळदीचे कण होते आणि फुलाची एक ओली पाकळी अडकलेली होती.

दोघांनीही अंबूबाईकडे पाहिले, एवढेच.

मनालीने मोबाईलच्या नेटवर मुलाखत दिली. आमच्या गल्लीत मोबाईलची रेंज कशी असते ते पाचगावातल्या कुणालाही विचारा. चित्र थांबायचे, आवाज तुटायचा. शेवटी पलीकडच्या बाईंनी गोड हसून निरोप घेतला, आणि मनालीला काय ते कळले. त्या संध्याकाळी सारे कोल्हापूर सोने लुटायला दसरा चौकात गेले. आमच्या घरातून कुणीच गेले नाही.

केबलवाला ऋतुराज दुसऱ्या दिवशी आला. त्याने मोडेम कानाशी धरून हलवला आणि हळद बघून मान डोलावली. "पानी गेलंय की ओ आत. देवाधर्माचं ठीक हाय, पर मशीनला आंगूळ घालत्यात व्हय?" पिन काढून बघायचे कष्ट त्याने घेतले नाहीत. त्याने आपला नवा डबा त्याच्याच अडॅप्टरसकट बसवून दिला. जुना मोडेम, त्याला जोडलेल्या अडॅप्टरसह, पिशवीत भरून माळ्यावर गेला.

त्याच संध्याकाळी अंबूबाई फडक्याने नवा डबा पुसायला गेली, तेव्हा मनाली म्हणाली, "राहू द्या आई. तुम्ही नका हात लावू."

ती ओरडली नाही. आवाजही चढला नाही. पण अंबूबाईने हात असा काही मागे घेतला की मला वाटले तिलाही चटका बसला. त्या दिवसापासून तिने घरातल्या एकाही यंत्राला हात लावला नाही. मोबाईल चार्जिंगला लावायचा तर शेजारच्या पूर्णिमाला हाक मारायची. आक्काताईचा कॉल आला तर वाजू द्यायची. मनाली कामाला बसली की ती घरामागच्या परड्यात जाऊन बसायची, उन्हातसुद्धा. सासू-सुनांचे बोलणे मीठ-मिरचीपुरते उरले.

इकडे माझे पोट फुगत चालले होते. स्टँडवर बसलो की चटका बसायचा. एका सुट्टीला घरात कुणी नसताना विश्वजितने मला उलटे करून पाहिले. माझी पाठ उकलली होती. त्याने स्टँडचा अडॅप्टर काढला, उजेडात धरला आणि त्यावरची बारीक अक्षरे वाचली. बारा व्होल्ट. मग स्टूल घेऊन त्याने माळ्यावरचा मोडेम खाली काढला आणि त्याला त्याचा खरा अडॅप्टर जोडला.

दिवा लागला. पहिला लागला, दुसरा लागला, मग सगळे लागले. मोडेमला काहीसुद्धा झालेले नव्हते. कपाळावर अंबूबाईचे कुंकू तसेच होते.

मित्रांनो, माणसाकडून चूक होते. पिन बदलली ही चूकच होती. पण त्या क्षणी विश्वजितने बटण बंद केले, मोडेम पुन्हा पिशवीत घातला आणि माळ्यावर पार मागे ढकलून दिला. ती चूक नव्हती. सांगितले असते तर सगळेच सांगावे लागले असते. पूजेतला रिमोट चोरून उचलला, तासभर खेळण्यासाठी. आणि त्या तासाने मनालीची हाताशी आलेली नोकरी गेली. हे बायकोला कोणत्या तोंडाने सांगायचे? त्यापेक्षा आईवर आलेय ते तसेच राहू दे, आई काय, सोसते. असे त्याने मनाशी म्हटले असणार. मी त्याच्या मनात नव्हतो, पण त्याच्या हातात होतो, आणि त्याचे तळवे घामाने चिंब झाले होते.

त्यानंतर तो खेळला नाही. जेवताना आईकडे बघेना. अंबूबाईने भाकरी वाढली की "बास" म्हणून ताट ओढून घ्यायचा. आपल्या लेकाला काय झाले म्हणून ती बिचारी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघायची. तो हात त्याला कसा सहन होत होता, कोण जाणे.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला मनालीने चौरंगावर आपला लॅपटॉप ठेवला. तिलाही घरातली ती मुकी शांतता नकोशी झाली असावी. कुंकवाची कोयरी पुढे करून ती म्हणाली, "आई, लावा की."

अंबूबाईने दोन्ही हात पाठीमागे नेले. लहान मूल नेते तसे. "नगं बाई. माझा हात लागला की इस्कटतंय. तूच लाव."

विश्वजित पणतीत तेल घालत होता. तेल खाली सांडले. तो आईकडे वळला आणि म्हणाला, "आई, तुझ्यानं काय बी झालं न्हवतं. मी पूजेतनं रिमोट उचललता. पिना माझ्यानं बदलल्या. मोडेम धडधाकट हाय. माळ्यावर हाय. मला ठाऊक हुतं."

सगळ्यांत आधी मनाली बोलली. "कधीपासून?"

"कोजागिरीपासनं."

"नोकरीचं जाऊ द्या," ती म्हणाली. "दुसरी मिळेल. पण इतके दिवस मी आईंशी कशी वागले, ते तुम्ही शेजारी बसून बघितलंत. तुमच्या चुकीची शिक्षा माझ्या हातून दिलीत यांना. ते मी कसं भरून काढू?"

अंबूबाई रागावेल, निदान एक धपाटा घालेल, असे मला वाटले होते. विश्वजितलाही तेच हवे होते. पण ती एवढेच म्हणाली, "मोडेम धडधाकट हुता म्हनतोस. मग बिघडलो ती मीच की रं. आन् तू बघत हुतास."

मग ती मनालीजवळ गेली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. रडणाऱ्या मुलाला मात्र त्या रात्री तिने जवळ घेतले नाही.

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. मनालीला काम मिळाले. जुना मोडेम पुन्हा आपल्या जागी लुकलुकतो. माझी फुगलेली बॅटरी प्रसेनजीतने काढून टाकली. घरातल्या प्रत्येक अडॅप्टरला आता टेप आहे. सासू-सुना पुन्हा हसतात, आणि अंबूबाई लेकाशीही पहिल्यासारखीच बोलते. वरवर पाहिले तर सगळे जुळले.

पण मित्रांनो, मी टीव्हीखाली बसून रोज एक गोष्ट बघतो. मोबाईल चार्जिंगला लावताना, पंख्याचे बटण दाबतानासुद्धा अंबूबाईचा हात हवेतच थांबतो आणि ती विचारते, "लावू व्हय रं?" आपल्याच घरात, आपल्याच पंख्याला! विश्वजित म्हणतो, "लाव की गं आई." दर वेळी म्हणतो, आणि दर वेळी त्याची मान खाली जाते.

आमच्यासारख्या वस्तूंची काळजी घ्या, वायरी नीट गुंडाळा, ज्याची पिन त्यालाच लावा, हे मी सांगणारच, कारण माझे पोट त्यापायी गेले. पण चुकून पिन बदललीच, तर त्याच दिवशी सांगून टाका. तुमचा दोष दुसरे कुणी अंगावर घेऊन उभे असेल, तर त्याला एक रात्रही तसे ठेवू नका. माझी बॅटरी बाजारात नवी मिळते. अंबूबाईचा न विचारता बटण दाबणारा हात कुठल्या दुकानात मिळतो, ते विश्वजितला अजून सापडलेले नाही.