बारावं डोकं

"सर, आमच्यातलं कुणी बुडालं, तर तुम्हाला कळणार कसं?"

एवढं विचारून अंबिका खाली बसली, आणि कुंपणापलीकडं उभ्या तिच्या मैत्रिणीनं, पुनमनं, ओढणीत तोंड खुपसलं. पैजच तशी लागली होती. नरसिंग सर सूचना सांगायला लागले की त्यांना मध्ये कुणी बोललेलं चालत नाही. जी बोलेल तिला पुनमकडून अख्खी प्लेट पावभाजी. दोन महिन्यांपूर्वीची अंबिका असती तर पावभाजीवर पाणी सोडून गप्प बसली असती. पण ऑगस्टात तिनं तालुक्याची सायकल शर्यत मारली, आणि तेव्हापासनं तिला आपला आवाज आपल्याच कानाला लई बरा वाटायला लागला होता.

सर चिडले नाहीत. उलट हसले.

"डोकी मोजतो की आम्ही. बारा पोरी आत, तर बारा डोकी पाण्यावर. एक कमी दिसलं की शिट्टी." गळ्यातली दुर्बीण त्यांनी उचलून दाखवली. "तुझं डोकं तर काय, दुर्बिणीशिवाय पण दिसतंय."

सगळ्या पोरी हसल्या. अंबिकाही हसली. हसली नाही ती एकटी आरती. जळकोटची बारीकशी पोर, दंडावर निळ्या शाईनं बारा नंबर लिहिलेला. ती तलावाकडं बघत बसली होती.

तलाव बघण्यासारखाच झाला होता म्हणा. अकरा दिवस पावसानं उघडीप दिली नव्हती. तीन वर्षांत जो तलाव अर्धासुद्धा भरला नव्हता तो आता काठोकाठ, आणि सांडव्यावरून पाणी खाली पडत होतं त्याचा आवाज गिरणीसारखा सारखा चालू. पाणी गढूळ, काळपट. पलीकडच्या काठावरच्या बाभळी गळ्यापर्यंत बुडून उभ्या होत्या. पक्षी एक नव्हता.

"तू कुठं शिकलीस पोहायला?" आरतीनं हळूच विचारलं.

"शेतातल्या विहिरीत. अप्पांनी कमरेला दोर बांधला अन् दिलं ढकलून. तू?"

"मी औंदाच्या उन्हाळ्यात. जमतंय, पण पाण्यात समोरचं काय दिसत न्हाई मला. भ्या वाटतंय." थोडं थांबून ती म्हणाली, "तुझ्या मागं मागं येऊ का मी?"

अंबिकाला त्या दिवशी सगळं जग आपल्या मागं आलं असतं तरी चाललं असतं. "ये की. माझ्या तळपायाला तुझं बोट लागत राहिलं म्हणजे तू हाइस. लागायचं थांबलं तर मी वळून बघते. झालं?"

"नक्की?"

"अगं, नक्की."

आधी चारशे मीटर पोहायचं, मग जळकोट रस्त्यावर दहा किलोमीटर सायकल, मग अडीच किलोमीटर पळायचं. तिन्ही मिळून जिच्या आधी कुणी नाही ती पहिली. पहिल्या दोघी नांदेडला विभागीय स्पर्धेला जाणार, बाकीच्यांनी घरी जायचं. अंबिकाच्या बाबतीत घरी जाणं म्हणजे कायमचं. उदगीरच्या मोंढ्यात आडत चालवणारे तिचे अप्पा, सिद्धराम, एकदा बोलले की बोलले. "पहिल्या दोघींत आलीस तर नांदेड. न्हाई आलीस तर सायकल आढ्याला टांगणार, अन् तू दहावीच्या पुस्तकाला." आज सकाळी त्यांनीच ती सायकल जीपच्या टपावर पोत्याच्या चऱ्हाटानं आवळून बांधून आणली होती. बांधताना पुटपुटत होते, पण गाठ पक्की मारली होती.

स्पर्धा सातला सुटायची होती. सात वाजता उगवतीला थोडं उघडलेलंही होतं. पण तलाव भरलाय म्हटल्यावर जलपूजन आलं, जलपूजन म्हटल्यावर साहेब आले, आणि साहेब काही सातला आले नाहीत.

साडेआठ झाले. पोरी अंगाला टॉवेल गुंडाळून कुडकुडत उभ्या. दगडोबा भोई आपला थर्माकोलचा तराफा काठाला धरून बसला होता. आख्ख्या तलावात माणूस वाचवायला तेवढाच एक होता. तो उठून सरांकडं आला.

"सर, वारं फिरलंय. ह्या वाऱ्यात मी जाळं टाकत न्हाई. सोडायच्या असतील तर आत्ता सोडा, न्हाईतर उद्या सोडा."

"साहेब उदगीरहून निघालेत, दगडोबा. पाचच मिनिटं."

"ढग काय साहेबाची वाट बघंना," दगडोबा म्हणाला आणि परत जाऊन बसला.

साहेब नवाला आले. तोवर ढग इतके खाली उतरले होते की पलीकडच्या बाभळी दिसेनाशा झाल्या. पूजा मात्र यथासांग झाली. हळद-कुंकू, खण, आणि नवीकोरी हिरवी साडी. बायकांनी साडीची घडी मोडून ती पाण्यावर सोडली. ती आधी फुग्यासारखी फुगली, मग काठापदरासकट लांबच लांब पसरली आणि हळूहळू पाण्याखाली गेली. मग नारळ. साहेबांचा एक, सरपंचांचा एक, चेअरमनचा एक, करत करत अकरा नारळ पाण्यात पडले. एरवी ते काढायला गावची पोरं धडाधड उड्या टाकतात. आज एकानंही उडी टाकली नाही.

"ओटी भरली, आता काय भ्या न्हाई," अंबिकाची अव्वा, म्हणजे आई महादेवी, हात जोडून म्हणाली.

मग टोप्या वाटल्या. सरांनी पिवळ्या मागवल्या होत्या, आल्या होत्या तपकिरी. पुनम कुंपणावरून ओरडली, "अंबे, शेंडी तेवढी राहिली बघ." अंबिकानं टोपीवर दोन बोटं उभी करून शेंडी दाखवली.

शिट्टी झाली.

पाणी थंड होतं, पण त्याहून वाईट म्हणजे जड होतं. विहिरीचं पाणी जागचं हलत नाही. हे ढकलत होतं. लाट तोंडात, लाट नाकात. पहिले पन्नास हात अंबिकानं नुसते हातपाय मारले. मग श्वास लयीत आला, आणि तिच्या तळपायाला एक बोट लागलं. टिचकी मारल्यासारखं. आरती. अंबिकाला हसू आलं आणि हसण्यात एक घोट पाणी पोटात गेलं.

केशरी ड्रमाला वळसा घालून परत यायचं होतं. जाताना पाच पोरी तिच्या पुढं होत्या. ड्रमाजवळ दोन राहिल्या. वळताना तिनं मान वर काढली. पाऊस सुरू झाला होता. थेंब पाण्यावर पडून उडत होते आणि सगळा तलाव उकळत असल्यासारखा दिसत होता. दगडोबाचा तराफा वाऱ्यानं पार सांडव्याच्या अंगाला नेला होता. तो उभा राहून काठी मारत होता, पण तराफा जागचा हलत नव्हता.

टिचकी. टिचकी. आरती होती.

विहिरीत शिकलेल्या माणसाला एक खोड असते. विहीर गोल, म्हणून तो पोहत पोहत एकाच अंगाला वळत जातो. अंबिका डावीकडं वळायची. नरसिंग सरांनी महिनाभर शिव्या घालून ती खोड मोडली होती, पण आज समोरचं काही दिसत नव्हतं, आणि दिसत नसलं की अंग आपलं शिकलेलं तेवढं करतं. परतीच्या वाटेवर मार्ग दाखवायला बांधलेली दोरी उजवीकडं लांब राहिली तेव्हा तिला कळलं. तोवर तिच्या कपाळावर काहीतरी ठाणकन आदळलं होतं.

नारळ.

आजूबाजूला बरेच होते. वर-खाली होत होते, एकमेकांना टकरा देत होते. तिनं एकाला हातानं बाजूला सारलं. दुसऱ्याच क्षणी काहीतरी मऊ, गार तिच्या घोट्याला लागलं आणि पोटरीवरून वर आलं. तिनं दोन्ही पाय जोरात झाडले, एकदा, दोनदा, आणि ते जे काय होतं ते सुटून मागं गेलं.

मागं.

ती तशीच पुढं निघाली. काठ पन्नास-साठ हातांवर होता. अव्वाचं लाल लुगडं दिसत होतं, अप्पांचा पांढरा शर्ट दिसत होता. पुढच्या दोघींतली एक दमली होती. अंबिका तिच्या बरोबरीला आली, मग पुढं गेली. आता पुढं एकच, लातूरची. दुसरा नंबर. नांदेड. हात आपोआप जोरात पडायला लागले. तळपायाला आता काही लागत नव्हतं, आणि तिला वाटलं, सुटले मी सगळ्यांच्या पुढं.

तेवढंच वाटलं. वळून बघायचं राहून गेलं.

काठावर पाय टेकला तेव्हा पुनमचा आवाज फाटला होता. अंबिका चिखलातून धडपडत सायकलींच्या रांगेकडं पळाली. अप्पा कुंपणाला चिकटून उभे होते, दाढी न केलेला चेहरा पावसानं चमकत होता. "दुसरी हायस, अंबू. दुसरी. बूट घाल, लवकर." दमून गेलेली ती पोरही आता बाहेर आली होती, धापा टाकत. लातूरची कधीच रस्त्याला लागली होती.

लाउडस्पीकर खरखरला. "तीन बाहेर, नऊ पाण्यात," नरसिंग सर दुर्बीण डोळ्याला लावून म्हणाले. "बारा पूर्ण. सगळ्या सुखरूप आहेत."

अंबिकानं बुटाची नाडी ओढली. डोकं वर केलं तर समोर सायकलींची रांग. शेवटची सायकल भावाची असावी, मोठी, सीट खाली केलेलं. तिच्या हँडलवर गुलाबी टॉवेल नीट घडी घालून ठेवला होता, आणि टॉवेलवर चिठ्ठी चिकटवली होती, बारा.

तळपायाला काही लागलं नव्हतं. कधीपासनं?

ती उभी राहिली आणि तलावाकडं बघितलं. डोकी दिसत होती. तपकिरी, ओली, एकसारखी. तिनं बोटानं मोजली. एक, दोन हात. दुसरं, दोन हात. तिसरं. प्रत्येक डोक्याच्या आजूबाजूला हात वर येत होते, पाणी उडत होतं. आठपर्यंत मोजलं.

नववं डोकं दोरीपासनं लांब, काठावरनं बघता उजवीकडं होतं. काठापासनं साठेक हातांवर. ते वर यायचं, खाली जायचं, लाटेबरोबर एवढंसं वळायचं. त्याला हात नव्हते.

वीज चमकली, आणि त्या उजेडात अंबिकाला नवव्या डोक्यावरची शेंडी स्वच्छ दिसली.

"सर, ते नारळ हाय," ती ओरडली. "आरती न्हाई त्यात. सर, ती साडी हाय तिथं खाली, माझ्या पायाला लागली होती, आरती साडीत हाय."

"मी मोजलंय, अंबिका," सर म्हणाले, पण दुर्बीण त्यांनी परत डोळ्याला लावली, आणि ती लावलेलीच राहिली. शिट्टी तोंडात होती. ती वाजत नव्हती. मग वाजली, इतकी लांब वाजली की सगळ्या काठावर माणसं जागच्या जागी थांबली. दगडोबानं तिकडून हात वर केला. तराफा सांडव्याच्या अंगाला अडकून पडला होता, आणि मधे अख्खा तलाव.

बांधावर शंभर माणसं होती. साहेबांची माणसं छत्र्या धरून उभी. एकमेकांकडं बघत होती, की कुणाला पोहता येतं.

तिसरी पोर सायकलवर टांग टाकून निघाली. तिच्या मागं चौथी पाण्यातून बाहेर येत होती. अप्पांनी कुंपणावरून हात घालून अंबिकाचा दंड धरला. "अंबू, तू चल. बघतील ते. तुझी जागा जाऊन राहिली."

अंबिकानं खाली वाकून नाडी सोडली. एक बूट काढला, दुसरा काढला. विहिरीत कळशी पडली की घरात कोण बुडी मारतं, हे अप्पांना ठाऊक होतं. तिनं जीपच्या टपाकडं बोट केलं, जिथं ते चऱ्हाट वेटोळं करून पडलं होतं.

"अप्पा, मी नांदेडला जात न्हाई," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही, इतका बारीक होता. "चऱ्हाट आणा अन् माझ्या कमरेला बांधा, विहिरीत दोर बांधायचा तसं. मी दोनदा ओढलं की ओढून घ्या. अव्वा, तू मोजत राहा. हात असलेलीच मोज. मी आत चालले."