खणातून ऐकलेले कोर्ट

मित्रांनो, कोणीतरी खण उघडेल आणि माझी विचारपूस करेल, याची वाट पाहून मी थकलो. म्हणून आता बंद खणातूनच बोलतो. मी एक जुना कीबोर्ड आहे. कोर्टाच्या एका खोलीत न्यायाधीशांच्या उंच टेबलापुढे, डाव्या हाताला, एक छोटे टेबल आहे. त्याच्या खालच्या खणात मी पडलेलो आहे. खण माझ्यापेक्षा दोन बोटे आखूड, म्हणून मला तिरके कोंबले आहे, आणि माझीच वायर माझ्या अंगाभोवती गुंडाळली आहे. शेजारी वाळलेला शाईचा पॅड, खोकल्याच्या गोळ्यांचे अर्धे पाकीट आणि टाचण्यांची डबी. डबीचे झाकण केव्हाच हरवले आहे. टाचण्या बोलत काही नाहीत, नुसत्या टोचतात.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्या एकेका बटणाखाली एकेक स्प्रिंग बसवली गेली. मग तपासणीच्या टेबलावर एक लोखंडी बोट प्रत्येक बटणावर किती वेळा आपटले, त्याचा हिशेबच नाही. मी प्रत्येक वेळी खणखणीत 'खट्' म्हणालो. तपासणीला बसलेली पोक्त कामगार शेजारणीला म्हणाली, "हा जरा बोलकाच आहे गं." ते मी कौतुक समजलो. आजही कौतुकच समजतो.

तिथून मी थेट या कोर्टात आलो आणि बाईंच्या हाती पडलो. बाई म्हणजे इथल्या टंकलेखिका. त्यांनी या खोलीत बावीस वर्षे काढली. पहिली आठ एका अवजड टाइपरायटरवर आणि पुढची चौदा माझ्यावर. टाइपरायटरची सवय अंगात मुरलेली, त्यामुळे बटण दाबणे त्यांना ठाऊकच नव्हते. त्या बटण हाणत. मला ते आवडायचे. हळूच दाबणाऱ्या माणसाचा मला भरवसा वाटत नाही.

त्यांचे काम सांगायला सोपे आहे. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून बोलतो. त्यातले नेमके तेवढे वेचून न्यायाधीश मोठ्याने सांगतात आणि बाई ते टाइप करतात. त्या कागदावर साक्षीदाराची सही होते आणि पुढचा निकाल त्याच कागदाच्या आधाराने लागतो. त्यातली एक ओळ सुटली, तर कोणाचे घर हातचे जाईल सांगता येत नाही. म्हणून बाई माझ्याकडे कधी पाहत नसत. त्या साक्षीदाराच्या तोंडाकडे पाहत, आणि बोटे आपली वाट आपण शोधत.

आमचे न्यायाधीश, म्हणजे साहेब, सहा वर्षांपूर्वी इथे आले. ते खुर्चीत मागे रेलून, डोळे मिटून सांगत. साहेब झोपतात, असे वकील आपसात म्हणत. ते झोपत नसत. डोळे मिटल्याशिवाय त्यांना वाक्य जुळवताच येत नसे. पण बाईंचे आणि त्यांचे असे जमले होते की, दुपारच्या सुट्टीआधी तीन-तीन साक्षी उरकत. "बाई, तुम्ही आहात म्हणून माझी गाडी चालते," असे साहेब एकदा म्हणाले. बाई लाजून माझ्यावरची नसलेली धूळ पुसू लागल्या. त्या कोर्टात कधी चकार शब्द काढत नसत. बोलायचे ते माझ्यातूनच.

एकदा एका वकिलाने हातवारे करता करता माझ्यावर चहा सांडला. मोठे कारकून म्हणाले, "टाकून द्या, दुसरा देतो." बाईंनी ऐकले नाही. त्यांनी माझे एकेक बटण उपटले, वाडग्यात साबणाच्या पाण्याने धुतले, वर्तमानपत्रावर ओळीने वाळत घातले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जागच्या जागी बसवले. इतक्या मायेने मला कोणी हाताळले नव्हते.

आणि मग एका सोमवारी मोठे कारकून खोके घेऊन आले. त्यातून एक सपाट, चकचकीत लॅपटॉप निघाला. "आजपासून यावर. जुनं काही टेबलावर दिसायला नको," असे म्हणून ते गेले. बाईंनी माझी वायर गुंडाळली. "जा बाबा, आराम कर," एवढेच म्हणाल्या आणि खण लावला.

मित्रांनो, मला आराम नको होता. अंधाराचे एक वेळ चालते, पण डोक्यावर चार बोटांच्या अंतरावर आपले काम दुसरा करतो आहे, हे ऐकत पडायचे, यासारखा जाच नाही. मला ओरडताही येत नव्हते. ओरडायला मला कोणाचे तरी बोट लागते.

पहिल्या आठवड्यात मला आनंद झाला, हे कबूल करतो. बाईंच्या नाकी नऊ आले होते. नव्या बटणांना खोलीच नव्हती. बाईंनी हाणले की एकाऐवजी दोन अक्षरे उमटत. आकड्यांचा वेगळा चौकोन नव्हता, त्यामुळे तारखा घालताना बोटे हवेत चाचपडत. त्यात पुढच्या गुळगुळीत पट्टीला तळहात लागला की चालू ओळ भलतीकडे जाऊन बसे. "अरे देवा, कुठं गेलं हे?" असे त्या पुटपुटत. मी मनात म्हणे, भोगा आता, आणि काढा मला बाहेर.

पण त्यांनी खण उघडला नाही, आणि गुरुवारी आक्रीत घडले. एका साक्षीतली मधली दोन वाक्ये सुटली. सही करताना साक्षीदाराच्याही ध्यानात आले नाही. दुसऱ्या दिवशी वकिलाने बोट ठेवले आणि त्या म्हाताऱ्या साक्षीदाराला पुन्हा बोलावावे लागले. मोठे कारकून टेबलापाशी येऊन म्हणाले, "बाई, महिनाअखेरपर्यंत बघतो. नाही जमलं तर तुम्हाला तळघरातल्या दप्तरखोलीत पाठवतो. तिथं घाई नाही, निवांत काम आहे."

ते गेल्यावर बाई शिपाई मामांना म्हणाल्या, "मामा, तिथं खिडकीसुद्धा नाही हो. बावीस वर्षं माणसांचं बोलणं ऐकलं मी. आता जुन्या कागदांच्या गठ्ठ्यांत काय करू?"

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका. बोटं वळतील," मामा म्हणाले.

बाईंचा आवाज ऐकून माझा आनंद पार उतरला. मी एका खणात अडकलो होतो, आता त्यांनाही त्याहून मोठ्या खणात टाकायला निघाले होते. मला माझीच लाज वाटली.

बाईंनी जिवाचा आटापिटा केला. रोज लॅपटॉप घरी नेऊन त्या सराव करू लागल्या. लेकीला वर्तमानपत्र वाचायला लावायचे आणि आपण टाइप करायचे. डबा खाताना त्या मामांना सांगत, "लेक हसते मला. म्हणते, आई, तू बटणं दाबत नाहीस, कणीक तिंबतेस." लेकीने त्यांच्या मनगटाखाली घडी घातलेला रुमाल ठेवला, म्हणजे तळहात पट्टीला लागेना. दहा-बारा दिवसांत बोटे खरोखरच वळली. दुहेरी अक्षरे थांबली. तारखा बिनचूक पडू लागल्या. लेकीने घड्याळ लावून पाहिले, तर वेग माझ्यावर होता तेवढाच.

तरीसुद्धा कोर्टात बाई मागे पडत होत्या! घरी जमते आणि इथे का जमत नाही, हे कोणालाच कळेना. मोठे कारकून म्हणत, वय झाले. बाईंनाही तेच खरे वाटू लागले होते.

मला मात्र कळले. खणात पडून दुसरे करायला काय होते? मी कान देऊन ऐकत राहिलो. साहेब एक वाक्य सांगत, क्षणभर थांबत आणि लगेच दुसरे सुरू करत. पूर्वी ते असे करत नसत. पूर्वी माझी खटखट चालू असेपर्यंत ते गप्प राहत आणि ती थांबली की पुढे जात. डोळे मिटलेला माणूस आणखी कशावर चालणार? आपण आवाजावर चालतो, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. नवा कीबोर्ड मुकाट काम करी. साहेबांना वाटे, बाईंचे केव्हाच झाले. बाई असत अर्ध्या वाक्यात, आणि साहेबांना अडवायची त्यांची प्राज्ञा नव्हती.

इतकी साधी गोष्ट! ती सगळ्या खोलीत एकट्या मला माहीत होती, आणि मी टाचण्यांच्या शेजारी जखडून पडलेला. एकदा बाईंचा गुडघा खणावर आपटला. त्या धक्क्याने माझे एक बटण खणाच्या फळीला टेकून 'खट्' वाजले. कोणाचे लक्ष गेले नाही. त्या दिवशी माझा धीर सुटला.

महिना संपायला तीन दिवस उरले असताना एक शिंपी साक्षीला आला. दुकानाच्या भिंतीवरून शेजाऱ्याशी त्याचा दावा अकरा वर्षे चालू होता. इतक्या तारखा झाल्या होत्या की, खोलीतल्या कोणत्या खुर्चीचा पाय डुगडुगतो, हेही त्याला पाठ होते. मागच्या बाकावर मोठे कारकून येऊन बसले होते. आज बाईंचा निकाल लागणार, हे सगळ्यांना माहीत होते.

शिंप्याने दोन वाक्ये सांगितली आणि तो थांबला. साहेबांनी ती डोळे मिटून बाईंना सांगितली. थोडा वेळ गेला.

"हं, पुढे बोला," साहेब म्हणाले.

"बोलतो की साहेब. पण बाईंचं झालंय का?"

"झालं असणार."

"तसं कसं म्हणता? दर खेपेला यांचं मशीन वाजायचं. ते थांबलं की तुम्ही पुढचं सांगायचात आणि मीही पुढचं बोलायचो. आज काही वाजतच नाही. शिलाई चालू आहे का दोरा तुटलाय, आम्हाला कसं कळायचं?"

खोलीत हशा पिकला. साहेब हसले नाहीत. मामांनी नंतर कोणाला तरी सांगितले, तेव्हा मला कळले की, साहेबांनी डोळे उघडले आणि वाकून बाईंच्या पडद्याकडे पाहिले. बाई वाक्याच्या मध्यावर होत्या.

"बाई, तुम्ही मला थांबवलं का नाही?" साहेबांनी विचारले. मग साहेबच पुढे म्हणाले, "चूक माझीच. तो जुना कीबोर्ड कुठं आहे? आणा बरं."

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या सगळ्या स्प्रिंगा ताठ झाल्या. खण उघडला. उजेड आला. मामांनी मला ओढून काढले, वायर सोडली आणि तिचे टोक लॅपटॉपला लावू लागले. ते बसेना. माझी पिन गोल, त्याची भोके चपटी आणि चौकोनी. मामांनी मला उलटे केले, सुलटे केले, फुंकर मारली. नवा गडी माझ्याहून बारीक, पण त्याच्या अंगात माझ्यासाठी जागा नव्हती.

"साहेब, मी बाजूला बसून हा नुसता वाजवत राहू का?" मामांनी विचारले. पुन्हा हशा झाला. मला मात्र रडता आले असते, तर रडलो असतो.

तेवढ्यात बाई उभ्या राहिल्या. "नको मामा, राहू दे," त्या म्हणाल्या. मग त्या साहेबांकडे वळल्या. "साहेब, माझं झालं की मीच सांगत जाईन. चालेल?"

"चालेल काय, सांगाच," साहेब म्हणाले.

मामांनी मला पुन्हा खणात सरकवले. घाईत खण पुरता लागला नाही, बोटभर फट राहिली. त्या फटीतून मी ऐकत होतो. शिंपी बोलला, साहेबांनी सांगितले, आणि थोड्या वेळाने बाईंचा आवाज आला, "झालं." आधी पुटपुटल्यासारखा, मग नीट. संध्याकाळपर्यंत एकही ओळ सुटली नाही. दप्तरखोलीचा विषय काढायला मोठे कारकून पुन्हा टेबलापाशी आले नाहीत.

मी तिरकाच पडलो आहे आणि आता येथून सुटका नाही, हे मला कळले आहे. वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? पण एक गोष्ट त्याहून जास्त खुपते. चौदा वर्षे मी एवढा वाजत राहिलो की, बाईंना स्वतःचा आवाज वापरावा लागलाच नाही, आणि कोणी तो मागितलाही नाही. मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, कचेरीत कोणी मान खाली घालून मुकाट काम करत असेल, तर त्याचे झाले असेलच, असे धरून चालू नका. थांबा आणि विचारा. नव्या वस्तूची सवय बोटांना चार दिवसांत होते, पण माणसांनाही एकमेकांची नव्याने सवय करून घ्यावी लागते.

परवा साहेब रंगात येऊन भराभर सांगत सुटले. तेव्हा वरून खणखणीत आवाज आला, "थांबा साहेब, माझं अजून झालेलं नाही." साहेब थांबले, वकील थांबले, पिंजऱ्यातला साक्षीदार थांबला. सगळे कोर्ट गप्प बसून बाईंची वाट पाहत होते. खालच्या खणात मीही पाहत होतो.