सत्कारात दिलेली रहस्यकादंबरी

मी एक रहस्यकादंबरी आहे. माझ्या दुसऱ्याच प्रकरणात खून होतो आणि तो कोणी केला हे अगदी शेवटी कळतं. एवढं गुपित पोटात घेऊन मी जन्मले, पण आजवर एकाही माणसाने ते माझ्याकडून काढून घेतलेलं नाही.

पुण्यातल्या एका छापखान्यात मी तयार झाले. अंगाला शाईचा वास होता तेव्हा वाटायचं, कोणी मला एसटीत वाचेल आणि उतरायचं गाव विसरेल. कोणी जेवता जेवता वाचेल आणि माझ्यावर आमटी सांडेल. त्या डागाचीसुद्धा मी वाट पाहिली. माझ्या वाट्याला आला चकचकीत कागद.

भोरच्या एका दुकानात मला त्या कागदात गुंडाळलं. हल्ली सत्काराला हार-गुच्छ देत नाहीत, पुस्तक देतात. रीत चांगली आहे, असं मलाही वाटलं होतं. शाल, नारळ आणि मी. नारळ फोडला जायचा, शाल कोणीतरी पांघरायचं. माझा कागद मात्र कोणी काढत नसे. तो शाबूत राहिला म्हणजे पुढच्या सत्काराला मी पुन्हा उपयोगी! निवृत्त मुख्याध्यापकांकडून मी पतसंस्थेच्या अध्यक्षांकडे गेले, तिथून एका पुढाऱ्याकडे. प्रत्येक व्यासपीठावर माझ्याकडे बोट दाखवून 'ग्रंथ हेच गुरू' म्हणायचे. माझ्या आत सरकारी विश्रामगृहात एका इंजिनिअरचं प्रेत पडलंय, हे देणाऱ्याला माहीत नसे आणि घेणाऱ्यालाही.

मग राजगडाच्या पायथ्याशी, पाली गावात, महिला दिनाला बचत गटाचा कार्यक्रम झाला आणि मी गटाच्या सचिवाच्या, रत्नाच्या, हातात पडले. रत्नाचं माहेर शिवरे गावचं. शाळेत असताना ती एसटीने भोरला जाऊन वाचनालयातून पुस्तकं आणायची, आणि आणायची ती एकाच प्रकारची: खून, दरोडे, गायब झालेली माणसं. सासरी आल्यापासून ते सुटलं होतं.

घरात पाऊल टाकताच तिने माझा कागद टरकावला. "अगंबाई, खुनाचं हाय!" असं म्हणून तिने मला छातीशी धरलं. माझा खरा जन्म त्या दिवशीचा.

कुकर लावला की ती ओट्याशी उभ्यानेच वाचायची. शिट्ट्या झाल्या की मला फडताळात पिठाच्या डब्यामागे सारायची. पण शेवटचं पान आधी कधी बघायची नाही. तिचा नवरा हनुमंत चेष्टा करायचा, "बघून टाक की शेवट. डोक्याचा ताप जाईल."

"तुमी भात पेरल्या पेरल्या कापायला जाता का?" ती विचारायची.

तिचे सासरे गेनबा. श्रावणात आंघोळ करून, पाटावर बसून, मोठ्या आवाजात पोथी वाचायचे. वाचन म्हणजे तेवढंच, असं त्यांचं मत. माणूस वाईट नव्हता.

"सूनबाई, पोथी वाच, पुण्य लागंल. ह्या खुनाखुनीत काय घावतं गं?"

"झोप उडती, मामा. आजून काय पायजे?"

गेनबा हसायचे आणि सोडून द्यायचे.

पावसाळ्यात भाताच्या लावणीची घाई सुरू झाली. इथे सावड असते. आज सगळ्या बाया एकीच्या खाचरात, उद्या दुसरीच्या. रत्ना मला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बांधावर ठेवायची. दुपारच्या भाकरीला थोडं वाचायची, आणि मग चिखलात वाकून रोपं लावता लावता बायांना गोष्ट सांगायची. त्यांच्यातली सगळ्यांत थोरली आक्काबाई, शाळेची पायरी न चढलेली. तीच सगळ्यांत जास्त गुंतली.

"त्यो डाक्टरच हाय," आक्काबाई म्हणाली. "दवाखान्यात आदी खिसा बगतो, मग जीब."

"न्हाई ओ आत्या, बायकूनंच मारला असंल," साळूबाई म्हणाली.

"तुला समद्यांच्याच बायकांत खोट दिसती!" आक्काबाई म्हणाली.

चिखलात हशा पिकला. आक्काबाईने रत्नाला दम भरला, "उंद्या फुडचं सांग. न्हाईतर मी लावणीला येत न्हाई, सांगून ठेवते."

वाचणारी एक होती, पण मला अख्खं खाचर वाचत होतं. तसे दिवस मी पुन्हा पाहिले नाहीत.

विश्रामगृहाचा खानसामा पळून जातो, तिथवर गोष्ट आली. आता थोडीच पानं उरली होती. त्या दिवशी पाऊस असा कोसळत होता की रत्नाने मला घरीच ठेवलं.

त्याच दिवशी शाळेत कार्यक्रम होता. पुण्याच्या एका ग्रुपने शाळेला पाण्याची टाकी दिली होती. ग्रुपच्या प्रमुख शेफाली मॅडम, पानशेतला धरणाकाठी बंगला असलेल्या. गेनबा शाळा समितीचे अध्यक्ष. ऐनवेळी लक्षात आलं, शाल आहे, नारळ आहे, पुस्तक नाही. "आमच्या घरी हाय की, नव्यासारखं," असं म्हणत ते आले आणि मला फडताळातून काढलं. जुन्या कॅलेंडरचं पान माझ्यावर चढवलं, कोरी बाजू वर करून.

बाया खाचरातून तशाच आल्या होत्या. ओल्या कागदातून माझं निळं कव्हर दिसत होतं. रत्नाने ओळखलं. ती स्टेजच्या कडेला आली आणि हळूच म्हणाली, "मामा, ते माझं हाय. वाचून व्हायचंय आजून."

"येवढं वाचलंस की! पाव्हणीला मोकळ्या हातानं धाडू व्हय? गावाची इज्जत हाय."

"चार दिस द्या. मी सोता नेऊन देते."

"गप. लोक बगत्यात."

फोटो निघाला. टाळ्या वाजल्या. रत्नानेही वाजवल्या, चिखलाच्या हातांनी.

पानशेतच्या बंगल्यात माझा कागद निघाला, पण कोणी वाचायला म्हणून नाही. काचेचं कपाट सजवणाऱ्या माणसाने पुस्तकं रंगाप्रमाणे लावली होती. निळ्या रांगेत एक जागा रिकामी होती, ती माझी झाली. शेजारी एक जाडजूड कायद्याचं पुस्तक, पलीकडे जर्मन शिकायचं. शनिवार-रविवारी पाहुणे येतात, आमच्यासमोर उभं राहून फोटो काढतात आणि पाणी बघायला जातात.

दिवाळीनंतर शेफाली मॅडमनी पालीहून नवा तांदूळ मागवला. टेम्पोबरोबर रत्ना आली, आणि हट्टाने आक्काबाईही. तांदूळ उतरवून रत्ना आत आली आणि तिने मला पाहिलं.

"मॅडम, ह्ये पुस्तक तुमी वाचलं का?"

"कुठलं? अगं नाही, वेळ कुठे मिळतो!"

"मग तुमच्यात कुणी वाचलंय का? शेवटी कोण निघतं, येवढंच सांगा. भोरच्या वाचनालयात विचारलं, मोबाईलवर बगितलं, कुठंच न्हाई. न्हाईतर चार दिस नेते, परत आणून देते."

"तू वाचतेस? किती छान!" शेफाली मॅडमनी मला काढून तिच्या हातात दिलं, तिला खिडकीजवळ उभं केलं आणि फोटो घेतला. मग मला पुन्हा निळ्या रांगेत सरकवलं. "हे तुमच्या गावाने दिलेलं ना, आठवण आहे ती. थांब, तुला जास्त उपयोगाचं देते." आणि आयुष्यात यशस्वी कसं व्हावं, असलं काहीतरी पुढे केलं.

रत्नाने ते हातात घेतलं नाही. "ऱ्हाऊ द्या, मॅडम. ह्यात कुणी मरत न्हाई," असं म्हणाली आणि बाहेर पडली.

फाटकाशी टेम्पोतून आक्काबाई ओरडली, "घावला का गं?"

"न्हाई, आत्या. त्यांनीबी वाचलं न्हाई."

"मग ठिवलंय कशाला?"

टेम्पो सुरू झाला.

गावाला वाचन म्हणजे पुण्य वाटतं, शहराला शोभा. मजा येते म्हणून वाचणारी एक बाई मला भेटली, आणि तिला काय आवडतं हे दोन्हीकडे कोणी विचारलं नाही. तिला देण्यासारखं जे होतं ते माझ्यापाशी आहे, आणि माझं तोंड काचेआड बंद आहे.

तुम्ही कधी या बंगल्यात पाहुणे म्हणून आलात, तर फोटो झाल्यावर मला खाली काढा. सगळी वाचायचा कंटाळा असेल तर शेवटचं पान तेवढं वाचा, माझी काही हरकत नाही. मग पालीच्या बायांना निरोप धाडा. नुसतं नाव कळवलंत तरी पुरे.